वरची लारी

गोष्टीत आकाशातून सैनिक घेऊन उतरणारं यान आलं, की मी त्याच्या इंजिनाची, वेगाची आणि बंदुकांची पानं सरळ उलटतो. मला फक्त दार बघायचं असतं. ते कुठल्या बाजूला उघडतं, वर जातं की खाली पडतं, आणि उघडल्यावर आतला पहिला माणूस पाय बाहेर टाकायच्या आधी किती थांबतो. बहुतेक लेखक नेमकी इथेच घाई करतात. धूर सोडतात, उजेड पाडतात आणि सैनिकांना पळत सुटायला लावतात. नातू म्हणतो, आजोबा, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. दिसते, कारण असते. त्या लेखकांनी फळी पडताना कधी पाहिलेली नाही, मी पाहिली आहे.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या पलीकडे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी विशीत होतो. माझी शाळा उर्दूतून झाली, कारण तेव्हा दुसरी शाळाच नव्हती. मराठी लिहायला मी पुढे मराठी शाळेत मास्तर झाल्यावर पोरांबरोबरच शिकलो, त्यामुळे माझ्या मराठीत अजून कुठे कुठे दख्खनी धूळ सापडते. पोलीस ॲक्शनच्या आधीचं वर्ष आम्हाला फार वाईट गेलं. टोळ्या यायच्या, लुटायच्या, पेटवायच्या. अर्धं गाव सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निघून गेलं होतं. जे मागे राहिले ते दाराला आडणा घालून, दिवा न लावता बसायचे. त्या वर्षी गावातून जे गेले ते सगळे परत आले नाहीत. घरटी कुणी ना कुणी कमी झालं होतं.

मग भादव्यातल्या एका सकाळी पाऊस उघडला आणि रस्त्यानं एक हिरवी लारी आली. रस्ता म्हणजे नुसता काळ्या मातीचा चिखल. लारी आमच्या शेताच्या बांधाशी येऊन रुतली आणि बंद पडली. मागच्या बाजूला ताडपत्री ओढलेली होती. आम्ही काहीजण ज्वारीत होतो, तिथेच खाली बसलो. फौज हैदराबादची की दिल्लीची, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पाखरं गप्प होती की मलाच ऐकू येत नव्हतं, कुणास ठाऊक. पुष्कळ वेळानं मागची लाकडी फळी धप्पकन खाली पडली आणि तिच्यामागे नुसता अंधार दिसला. आत माणसं होती, त्यांचा श्वास ऐकू यावा इतकी जवळ होती, पण उतरत कुणीच नव्हतं. तेही आम्हाला बघत असणार. मग एक बूट फळीवर आला. त्या बुटाच्या माणसानं हिंदीत पाणी मागितलं, आणि आम्ही सुटलो हे आम्हाला कळलं. पुढे गावानं त्यांना भाकरी दिल्या, ओवाळलंही. पण माझ्या अंगात राहून गेला तो फळी पडल्यापासून बूट दिसेपर्यंतचा वेळ. आपले की परके हे कळायच्या आधीचा.

आता त्या बाईबद्दल सांगतो, कारण गोष्ट तिची आहे. ती मेंढरंवाली. नवरा फार लवकर गेलेला, घरात एकुलता एक मुलगा, आणि शेजारी दीर. सुगी झाली की ती आपला कळप आमच्या शेतात बसवायची. म्हणजे मोकळ्या रानात खुंट्या ठोकून त्यांना वाघर बांधायची, वाघर म्हणजे सुताची जाळी, आणि कळपाला रात्री त्या गोलात बसवायचं. लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, मोबदल्यात मेंढरंवाल्याला ज्वारी. काही दिवसांनी गोल पुढे सरकतो. पुढच्या हंगामात ज्वारी उगवली की मेंढरं कुठे कुठे बसली होती ते लांबून दिसतं, कारण तिथलं पीक गडद हिरवं येतं. मला ते गोल लहानपणापासून आवडायचे नाहीत. पीक चांगलं यायचं, पण संध्याकाळी बांधावरून बघितलं की वाटायचं, इथे काहीतरी उतरून गेलं आहे.

त्या वाईट वर्षी तिचा मुलगा कळप घेऊन डोंगराकडे गेला होता. मिसरूड फुटलेलं पोर. काही दिवसांनी कळप परत आला, बरोबर त्यानंच पाळलेलं कुत्रं आलं, तो आला नाही. बाईनं रडून-भेकून घेतलं आणि कामाला लागली. दीर म्हणायचा, आता त्याच्या नावानं पाणी सोड. ती म्हणायची, बघू. हे 'बघू' तिनं पाच-सहा वर्षं चालवलं.

तो परत आला त्या दिवशी मी विहिरीवर होतो. उन्हाळा, भर दुपार. कळप लिंबाखाली माना खाली घालून उभा होता. काठ्यांवर घोंगडी टाकून केलेल्या सावलीत बाई बसली होती आणि कुत्रं तिच्या मांडीशी घोंगडीच्या काठाआड. ते कुत्रं म्हणजे मोठं बेणं होतं. मी शेताचा मालक, रोज येणारा-जाणारा, तरी मला भुंकून भुंकून बेजार करायचं. ओढ्याकडून एक माणूस चालत येताना दिसला. दाढी वाढलेली, खांद्यावर एक पंचा, बाकी काही नाही. मी वाट बघत होतो की आता कुत्रं तुटून पडेल. पडलं नाही. हूं नाही की चूं नाही. माणूस सावलीपर्यंत आला आणि उभा राहिला. बाई बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आलास का रं."

तो उन्हात उभा होता, घाम गळत होता. शेवटी म्हणाला, "आलो."

संध्याकाळी तिनं गावात गूळ वाटला. माझ्या हातावर खडा ठेवला तेव्हा तिच्या उजव्या पंजाला फडकं गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, काटा मोडला असेल. गावानं त्याला फार तपासलं नाही. गेला तेव्हा पोर होता, आला तो बाप्या, चेहरा काय तसाच राहतो का. कुठे होतास विचारलं तर म्हणायचा, पूर्णेच्या पुढं, चुडाव्याकडं रेल्वेच्या खडीवर होतो. त्याच्या आधी कुठे होतास म्हटलं की गप्प. पण कुत्रं भुंकलं नाही ना, म्हणजे घरचाच. तेवढी साक्ष गावाला पुरली. मलाही पुरली.

तो कामाला वाघ होता. बोलायचा कमी. मेंढरांना हाका मारायची त्याची तऱ्हा वेगळी होती, पण माणूस परमुलखात राहिला की बदलतो, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं. बाईची पाठ जरा सरळ झाली. दीर मात्र कसनुसा असायचा, कारण पुतण्या नसता तर पुढेमागे कळप त्याच्याकडेच आला असता.

त्यानंतरच्या दुसऱ्या सुगीत मी ते पाहिलं ज्यातून माझी गोष्ट निघाली. सकाळी शेतात गेलो तर बाई एका कोकराला काहीतरी नेसवत होती. जवळ जाऊन बघितलं तर दुसऱ्या कोकराचं कातडं. एका मेंढीचं कोकरू रात्री मेलं होतं आणि दुसऱ्या एका कोकराची आई. मेंढी परक्या कोकराला थानाला लागू देत नाही, वास घेते आणि लाथ मारते. म्हणून मेलेल्याचं कातडं काढायचं, जिवंताच्या अंगावर बांधायचं आणि मेंढीपुढे सोडायचं. त्या पोरक्या कोकराच्या पोटाखाली मेलेल्याच्या चार रिकाम्या तंगड्या लोंबत होत्या. ते तसंच धडपडत मेंढीकडे गेलं. मेंढीनं पाठ हुंगली, शेपूट हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. बाईनं हात मातीला पुसले आणि म्हणाली, "दोन-चार दिसांनी काडायचं वरलं. तवर लळा लागतो."

मी घरी जाऊन लिहायला बसलो. तेव्हा मी परभणीहून कुणाच्या तरी हातून येणारी मासिकं वाचायचो, त्यात ग्रहांवरच्या, आगबोटीसारख्या उडत्या यंत्रांच्या गोष्टी असायच्या आणि मला त्यांचं वेड लागलं होतं. बायको माझ्या लिहिण्याला 'ह्यांचा उद्योग' म्हणायची आणि उद्योग या शब्दावर जरा थांबायची. यान हा शब्द काही मला सुचला नाही. मी आकाशजहाज लिहिलं.

माझं जहाज तिन्हीसांजेला काळ्या रानात उतरतं. आवाज नाही, आग नाही. फक्त वारा पडतो आणि ज्वारी गोलात आडवी होते. मग पोटाची फळी धप्पकन खाली येते, आत अंधार, आणि बराच वेळ कुणी उतरत नाही. गावकरी पिकात बसून बघत असतात. शेवटी उतरतात ते सैनिक असतात, पण त्यांच्या हातात हत्यार नसतं आणि अंगावर गावातल्याच माणसांचे चेहरे असतात. जे परत आले नाहीत त्यांचे. वरच्या लोकांनी फार दिवस वरून बघून ठेवलेलं असतं की कुठल्या घरात कुणाची वाट बघतात. ज्याची वाट बघितली जाते त्याच्यापुढे कुणी दार लावत नाही. लढाई होतच नाही. सैनिक एकेका घराशी जाऊन उभे राहतात, आतून 'आलास का' असं येतं, आणि पाट मांडला जातो. गाव एका जेवणात जिंकलं जातं. फक्त एक गोष्ट वेगळी असते. ते आले तेव्हा गावातलं एकही कुत्रं भुंकत नाही.

दुसऱ्या भागात जहाज परत यायचं होतं. फळी पडेल, हुकूम सुटेल, सैनिक भरल्या ताटावरून उठतील आणि घरातल्या माणसांना हाताला धरून बरोबर घेऊन जातील. सकाळी गावात चुली पेटलेल्या असतील आणि माणूस एक नसेल. हा शेवट मला इतका आवडला होता की मी तो स्वतःशीच पुटपुटत हिंडायचो.

मासिकाला धाडायच्या आधी मी लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखवायचो, आणि आमच्या गावात कुणाला तरी म्हणजे शेतात संध्याकाळी जे जमतील ते. त्या दिवशी चांगली दहा-पंधरा माणसं होती. बाई, तिचा दीर, शेजारच्या शेतातले बाप्ये-बाया. तिचा मुलगा वाघर बांधत होता. उजेड अजून होता. मी वाचत गेलो आणि लोक जहाजाला आपसांत 'वरची लारी' म्हणायला लागले, कारण लारी सगळ्यांनीच पाहिलेली होती. फळी पडली तिथे कुणीतरी पदर तोंडाला लावला. सैनिकांचे चेहरे आले तिथे कुणी हललं नाही. मग मी कुत्र्यांचं वाक्य वाचलं.

आपण काय लिहिलं आहे हे मला ते मोठ्यानं वाचेपर्यंत कळलं नव्हतं, हे खरं सांगतो. माना एकेक करून वळल्या. कुणी ठरवून वळवल्या नाहीत. सगळे त्या माणसाकडे बघत होते. तो खुंटीवर दगड मारत होता, त्यानं शेवटचा दगड मारला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. कुत्रं त्याच्या पायाशी झोपलं होतं. बाई एका कोकराच्या तोंडात बोट घालून बसली होती, तिनं वर बघितलंही नाही. कळपात एक मेंढी खोकली, माणसासारखी. मी पुढचं कसंबसं वाचून उठलो.

आधी ती चेष्टाच होती. तो पाणवठ्यावर दिसला की पोरं म्हणायची, वरच्या लारीतला आला. तोही हसायचा. मग बाया त्याच्या हातचा तांब्या घेताना जरा थांबायला लागल्या. मग त्याच्या सोयरिकीचं चाललं होतं ते पाहुणे एकदम येईनासे झाले. कुणी म्हणे, त्याला घाम येत नाही. मी म्हटलं, अरे, मी बघितलाय त्याचा घाम. तर म्हणे, तुम्हीच तर लिवलंय मास्तर. मला राग यायचा तो याचाच. गोष्ट लिहिली मी, तिची पंचायत बसवली त्यांनी, आणि साक्षीला पुन्हा मीच. पण गंमत अशी की एकटा असलो की मलाही तसंच वाटायचं. तो शेतातून माझ्या दिशेनं चालत येऊ लागला की मी त्याच्या पोटाखाली बघायचो, काही लोंबतंय का.

एके दिवशी दीर शाळेत आला. पोरं सुटली होती. बसला, तंबाखू मळली. म्हणाला, "मास्तर, लारीतल्यांला वळखायची खूण काय ओ?"

मी म्हटलं, "गोष्ट आहे ती."

"गोष्टच की. पर दुसरा भाग हाय न्हवं? त्यात खूण लिवा. काय तरी घालावं त्यांच्या म्होरं, काय तरी इचारावं, आन त्यांचं पितळ उघडं पडावं. मंग आमी बी तसंच करून बगू. वयनी भोळी हाय. लेक म्हून कुनाला बी घास भरवायली. उद्या त्यानं कळप हाकलून नेला तर?"

त्याच्या बोलण्यात अगदीच खोटं काही नव्हतं, म्हणून तो मला जास्त नकोसा झाला. मी बघू म्हटलं. तो गेला तो गावभर सांगत, की पुढच्या वाचनाला मास्तर खूण सांगणार. लोक दिवस मोजायला लागले. खूण निघाली की त्याला गावाबाहेर काढायचं, हे कुणी बोललं नाही, पण ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. बायकोनं चहा दिला तो तिनं बशीत ओतून गार होऊ दिला. म्हणाली, "मास्तर, ती लारी परत येनार म्हनं."

"येणार आहे."

"मानसं न्यायला."

"हो."

तिनं बशी उचलली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाली, "मोकळी जाऊ द्या की ओ. तुमच्याच हातात हाय. येऊ द्या, फळी पाडा, काय आवाज करायचा ते करा. पर मोकळी जाऊ द्या."

मी तिला म्हणालो की अशानं गोष्टीत काही राम राहत नाही, भीती सगळी शेवटातच आहे. असं मी खरंच म्हणालो. ती म्हणाली, "भ्या लय झालं, मास्तर," आणि चहा पिऊन गेली. मला तिची कीव आली. वाटलं, बिचारीला काहीच माहीत नाही.

कारण मला तोवर माहीत झाल्यासारखं होतं. आदल्याच संध्याकाळी तिचा तो मुलगा विहिरीवर मला भेटला होता. कळपाला पाणी पाजणं चाललं होतं. मी तोंड धुतलं आणि वर बघतो तर तो थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या, पलीकडे उभा. कुत्रं बरोबर. सूर्य त्याच्या मागे होता, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी मला नुसता काळोख दिसत होता.

तो म्हणाला, "मास्तर, त्या लारीतल्या लोकांला ठावं असतंय का, आपन कोन हाव ते?"

मी म्हटलं, "असतं. सैनिक आहेत ते."

"मंग बोलावनं आलं की जायालाच लागतंय का?"

"हुकूम असतो."

मेंढरं पाण्याला तोंडं लावून आवाज न करता उभी होती. मग तो म्हणाला, "आन हुकूम द्यायला मागं कुनी उरलंच नसंल तर?"

त्याला उत्तर नकोच होतं बहुतेक. त्यानं मेंढरांना हाक घातली, ती वेगळी हाक, आणि निघून गेला. मी तिथेच ओल्या तोंडानं उभा राहिलो. भीती वाटली की नाही? वाटली. आमच्या गावात, आमच्या शेतात एक भलताच माणूस दुसऱ्याच्या जागेवर राहत होता. पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. त्याचं गाव असंच कुठेतरी पेटलं असणार, आणि तिथे 'आलास का' म्हणायला कुणी राहिलं नसणार.

मी तो आवडता शेवट काढला. सोपं नव्हतं ते. पेटलेल्या चुली आणि रिकामं गाव अजून मला कधी कधी खुणावतं.

दुसऱ्या वाचनाला अख्खं गाव लोटलं. बाई तिच्या जागेवर, तो वाघरीच्या तोंडाशी, आणि दीर सगळ्यांत पुढे, मांडी घालून. मी वाचायला लागलो. वारा पडतो, ज्वारी आडवी होते, जहाज उतरतं. फळी धप्पकन पडते. हाक येते. गावातल्या घराघरांत ते सैनिक ती हाक ऐकतात. एकाच्या हातात घास असतो, एक जण बैलाच्या पाठीवरून हात फिरवत असतो, एक नुसता भिंतीला टेकलेला असतो. घासाचा हात थांबतो. घरातली माणसंही थांबतात. कुणी कुणाकडे बघत नाही. मग घास तोंडात जातो. फळी उघडीच असते, आत अंधार असतो आणि त्या अंधारात आता कुणी नसतं. जहाज रात्रभर तसंच उघडं बसून राहतं. उजाडायच्या सुमाराला फळी आपोआप वर जाते, आणि या वेळी तिचा आवाज होत नाही.

मी कागद खाली ठेवला. लोक अजून ऐकतच होते. दीर म्हणाला, "आन खूण?"

"खूण नाही," मी म्हटलं.

"मंग कळावं कसं?"

"नाही कळत."

"ही काय गोष्ट झाली," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना तसंच वाटलं. कुणीतरी म्हणालं, पहिला भाग झकास होता. मला राग आला. तेवढ्यात मागून एक म्हातारा बोलला. त्याचा धाकटा भाऊ कॅम्पात जातो म्हणून निघाला होता आणि कॅम्पात पोचला नव्हता. तो कधी चारचौघांत बोलायचा नाही. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "आमच्या दारात आला असता तर आमी बी पाट मांडला असता. लारीतला तर लारीतला."

एवढं बोलून तो उठला आणि धोतर झटकून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचेही उठायला लागले. जाता जाता एका बाईनं त्या माणसाच्या हातून तांब्या घेतला आणि पाणी प्याली, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं. दीर थोडा वेळ बसून राहिला. मग त्यालाही घरी जावंच लागलं.

चार दिवसांनी आमच्या शेतातलं बसवणं संपलं. पहाटेचं झुंजुमुंजू होऊन गेलं होतं, गोल मोकळा झाला होता, जमीन काळी आणि ओलसर. तो पलीकडे खुंट्या उपटत होता. बाई ज्वारीचं गाठोडं बांधत होती. मी तिला म्हणालो, कदाचित थोडा तोऱ्यातच म्हणालो, "मावशी, गेली बघा लारी मोकळी."

ती म्हणाली, "लय केलंत, मास्तर." मग कुत्र्याकडे बघितलं. म्हातारं झालं होतं ते आता. ते पाठ खाजवून घ्यायला तिच्याजवळ आलं आणि ती खाजवत राहिली.

"त्या दिशी ते भुंकायलंच व्हतं," ती म्हणाली. "लांबूनच वास लागलता त्याला. कान उबे केलते. म्या घोंगडीआड त्याचं तोंड धरलं, दोनी हातानं. चावलं मला."

तिनं उजवा पंजा उघडून दाखवला. अंगठ्याखाली दातांचे दोन पांढरे वण होते. मला तिच्या हातावरचं फडकं आठवलं, आणि गुळाचा खडा.

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून—"

"चालीवरूनच कळलं. माजं लेकरू एक पाय जरासा दाबून चालायचं, दुसऱ्याला कळायचं बी न्हाई. ह्यो सरळ चालत आला. पानी मागायलाच आलता बगा. पर त्याच्या तोंडाकडं बगितलं आन दिसलं, ह्याच्या मागं कुनी न्हाई."

"त्याला माहीत आहे? तुम्हाला कळलंय ते?"

"त्यानं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

ऊन वर आलं होतं. ती गाठोड्याची गाठ पुन्हा सोडून घट्ट बांधायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजं बी कुटं तरी कुना बाईच्या दारात गेलं असंल की ओ. तिच्यापशी बी कुत्रं असंलच. तिनं बी धरलं असंल त्याचं तोंड."

मग तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, शेताकडे तोंड केलं आणि लेकाच्या नावानं हाक मारली. तो खुंट्या खांद्यावर टाकून आला.